अक्काचं नववं प्रकरण

अक्का, वाईच्या प्रकाशकांचा परवा फोन आला होता. पुस्तकाच्या शेवटी तुझ्याविषयी चार पानं पाहिजेत म्हणाले. जन्म कुठला, शिक्षण किती, कॉलेजात किती वर्षं शिकवलं, असं काहीतरी. मी हो म्हणालो, कागद घेऊन बसलो, आणि त्यातली एकही ओळ लिहावीशी वाटेना. ते सगळं तुझ्या सर्व्हिस बुकात आहे, ज्याला पाहिजे त्यानं तिथं बघावं. मला तुझ्याशीच बोलायचंय. तू जाऊन चार महिने झाले, तरी हे दुसऱ्या कुणाशी बोलता आलेलं नाही. सुरेखाशीसुद्धा नाही, आणि ती तर माझी बायको आहे. म्हणून तुलाच लिहितो. प्रकाशकांना पटलं तर छापतील.

तू रिटायर झालीस त्याच्या पुढच्या रविवारी मला कोयनानगरला फोन केलास. पलटणीतून हवालदार म्हणून घरी आल्यावर मी इथं धरणाच्या वसाहतीत वॉचमन लोकांवर सुपरवायझर लागलो, त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मला वाटलं, आता मोकळी झालीस तर चार दिवस राहायला येतेस. तू म्हणालीस, पुस्तक लिहायला घेतलंय. कॉम्प्युटरला गणित सांगायची एक जुनी भाषा आहे, एपीएल म्हणतात. ती गणितवाल्यांना नाही, साध्या माणसांना कळेल अशी मराठीत सांगायची आहे. मी विचारलं, हे सातारा-सांगलीत वाचणार कोण?

"तू," म्हणालीस.

मी हसलो. दहावीला गणितात मी एकदा आपटलेला माणूस. दुसऱ्या खेपेला पास झालो तो तुझ्यामुळं. तू तेव्हा सांगलीला कॉलेजात शिकत होतीस. दर शनिवारी गावी यायचीस आणि मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत मला बसवून समीकरणं सोडवून घ्यायचीस. वडील म्हणायचे, पोराला नांगर धरू दे. तू ऐकलं नाहीस. तेव्हा दहावी झालो म्हणून भरतीला उभा राहिलो, नाहीतर उसाच्या सरीतच राहिलो असतो.

तर मी हसलो आणि तू रागावली नाहीस. तू मला नेमलंस ते त्याच कारणासाठी. दर रविवारी सकाळी फोनवर, प्रकरणाची जेवढी पानं झाली असतील तेवढी वाचून दाखवणार. अख्खं प्रकरण मला कळलं की त्याच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात 'दादूला कळलं' असं लिहिणार, मगच पुढचं हातात घेणार. वसाहतीत रेंजची बोंब. शाळेमागं एक बाक आहे, तिथंच काय ती धड लागते. दोन वर्षं मी दर रविवारी त्या बाकावर बसलो. लोकांना वाटायचं, ह्याचं कुठंतरी काही चाललंय.

पहिल्या प्रकरणाला तू मला इथल्या पावसाचे आकडे मागितलेस. आठवड्याचे सात आकडे मी ऑफिसातल्या फळ्यावरून उतरवून घेतले. तू म्हणालीस, ते एका ओळीत लिही. आता बाकीच्या भाषांत काय करावं लागतं, तर पहिला आकडा घे, दुसरा घे, मिळव, तिसरा घे, मिळव, संपले का बघ, नसले तर परत घे. ह्या भाषेत अधिकचं चिन्ह काढायचं, त्याला टेकून एक तिरपी रेघ मारायची आणि पुढं ती ओळ लिहायची. झाली बेरीज. अधिकच्या जागी 'मोठा कोण' विचारणारं चिन्ह ठेवलं, की सातातला सगळ्यात मोठा आकडा हातात. ओळीत सात आकडे असोत नाहीतर सात हजार, लिहायचं तेवढंच. दोनतीन चिन्हं.

मी म्हणालो, "मग ही ड्रिलच झाली की. उस्ताद 'दाहिने मुड' एकदाच म्हणतो. साऱ्या रांगेला मिळून एक हुकूम. एकेका जवानाच्या कानात जाऊन सांगत न्हाई."

पलीकडं कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "परत म्हन. सावकाश म्हन, मी लिवून घेते."

ते पुस्तकात तसंच आहे, पहिल्या प्रकरणात, 'माझ्या हवालदार भावाने सांगितले' असं लिहून. ते काढ म्हणून मी किती मागं लागलो. एवढ्या शिकलेल्या बाईच्या पुस्तकात माझं काय काम? तू म्हणालीस, पस्तीस वर्षं शिकवलं, पण ह्याच्याहून सोपं मला सुचलं नव्हतं. अक्का, माझ्या आयुष्यात माझ्या डोक्याचं कौतुक तेवढंच झालं. छातीवर मेडलं आहेत, पण ती डोंगरात चालण्याची आणि बर्फात राहण्याची. डोक्याचं ते एकच, आणि ते तू दिलंस.

मला सगळंच कळायचं असं नाही. नाही कळलं तरी मी 'व्हय' म्हणायचो, ती पलटणीतली सवय. साहेब विचारतो, समझे? आपण म्हणायचं, समझे सर. पण तुला फोनवरून कळायचं. "ह्ये व्हय पोकळ हाय," म्हणायचीस, आणि मग मी नेमका कुठं घसरलो ते तूच सांगायचीस. "तू रकान्यापाशी थांबलास न्हवं? तुला वाटतंय आडवं मोजायचं." आणि खरंच मी तिथंच थांबलेला असायचो. मला स्वतःला ते ठाऊक नसायचं. आत नुसतं धुकं असायचं आणि तू त्यात हात घालून नेमका दगड काढून दाखवायचीस.

चौथ्या प्रकरणावर आपलं भांडण झालं. तू विचारलंस, दहा वजा चार वजा तीन किती? मी म्हणालो, तीन. तू म्हणालीस, ह्या भाषेत नऊ. मी म्हणालो, मशीन प्यालंय. तू समजावलंस, की इथं चिन्हाच्या उजवीकडं जे काही आहे ते आधी पुरं करायचं. चारातून तीन गेले, राहिला एक. दहातून तो एक गेला, राहिले नऊ. गुणाकार आधी, बेरीज मग, असले शाळेतले मानपान इथं नाहीत. सगळी चिन्हं सारखी, नियम एकच, उजवीकडून डावीकडं. मी म्हणालो, नियम एक असला म्हणून तो बरोबर होतो काय? अख्खं गाव तीन म्हणतंय आणि तुझी भाषा नऊ म्हणणार. तीन रविवार आपण त्याच्यावर घालवले. सुरेखा म्हणायची, बहीणभाऊ वाटणीवरून भांडतात, तुम्ही वजाबाकीवरून.

चौथ्या रविवारी तू नवीन मुद्दा काढलास. म्हणालीस, आपल्या मराठीचंही तसंच आहे. वाक्य डावीकडून बोलत जातो, पण शेवटचा शब्द आल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मी म्हणालो, उदाहरण दे.

"काल रिपोर्ट आला," तू म्हणालीस. "डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखं काही," आणि थांबलीस.

"काही काय?"

"बघ. शेवटचा शब्द आल्याशिवाय कळलं का तुला?"

"अक्का, काही न्हाई का काही हाय?"

"हाय," म्हणालीस.

मी बाकावर बसलो होतो. समोर शाळेच्या मैदानात कुणीतरी स्कूटर शिकत होतं. मी पुढचं विचारायच्या आत तूच म्हणालीस, "तर ते नऊच, दादू." मी काही बोललो नाही. तू त्याचा अर्थ कबुली असा घेतलास आणि कोपऱ्यात लिहून टाकलंस. माझं म्हणणं अजून तीनच आहे. हे भांडण मी सोडलेलं नाही. पण आता ते एकट्यानं कसं चालवायचं?

दुसरं भांडण पुण्याचं. मी म्हणत होतो, पुण्याला चल, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तू म्हणालीस, सांगलीच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, पुण्यात तेच सांगतील, फक्त लिफ्टनं वर जाऊन. मी रागावलो. एवढं शिकलीस आणि अडाण्यासारखं करतेस, असं बोललो. त्यावर तू म्हणालीस, मला उरलेला वेळ प्रवासात घालवायचा नाही. मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी तू काही झालंच नाही अशा आवाजात पाचवं प्रकरण वाचलंस, आणि मीही ऐकून घेतलं. मी तुला उचलून गाडीत घालायला पाहिजे होतं की तुझं ऐकलं तेच बरोबर होतं, हे मला कुणी सांगत नाही. सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, आता तो विचार करू नका.

सहावं, सातवं, आठवं. तुझा आवाज बारीक होत गेला आणि प्रकरणं लहान होत गेली. मी रजा टाकून सांगलीला यायचो तेव्हा तुझ्या कीबोर्डवर कागदाच्या बारक्या चिकटपट्ट्या बघायचो. ह्या भाषेची चिन्हं साध्या कीबोर्डावर नसतात, म्हणून तू ती शाईनं काढून एकेका बटणावर चिकटवली होतीस. एकदा मला खुर्चीत बसवून म्हणालीस, तुझ्या पावसाची बेरीज तू कर. मी एका बोटानं दाबत गेलो. उत्तर आलं. तू पलंगावरून टाळी वाजवलीस, आणि नंतर बराच वेळ तुला दम लागला.

आता नवव्या प्रकरणाचं सांगतो. ह्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

तू तेव्हा दवाखान्यात होतीस. मी आठ दिवसांची रजा घेऊन आलो होतो, रोज सकाळी बस्तीत, आपल्या जैन देवळात, दर्शन करून तुझ्याकडं यायचो. चौथ्या दिवशी तू उशीखालून कागद काढलेस. म्हणालीस, आज वाचते, आज बरं वाटतंय. बरं वाटत नव्हतं, ते मला दिसत होतं. नववं प्रकरण टिंबाचं. दोन चिन्हं घ्यायची, मधे एक टिंब द्यायचं, आणि एका कोष्टकाची आडवी ओळ दुसऱ्या कोष्टकाच्या उभ्या रकान्याशी जोडायची. तू म्हणालीस, ही भाषा कशासाठी शिकायची त्याचं उत्तर ह्या प्रकरणात आहे. आठ प्रकरणं म्हणजे पायऱ्या, हे देऊळ. अधिक आणि गुणिले मधे टिंब ठेवून बसव, एक काम होतं. तीच चिन्हं बदल, टिंब तेच ठेव, भलतंच दुसरं काम होतं. माणसाला एकदा हे दिसलं, की तो परत पहिल्यासारखा आकड्यांकडं बघत नाही.

तू दोन ओळी वाचायचीस, डोळे मिटायचीस, परत वाचायचीस. नर्स दोनदा येऊन गेली. मला पहिल्या पानापर्यंत समजत होतं. दुसऱ्या पानावर ती आडवी ओळ उभ्या रकान्यात शिरली आणि मी बाहेर राहिलो. एक आडवं का, दुसरं उभं का, काही लागेना. तू सगळं वाचून संपवलंस आणि माझ्याकडं बघितलंस.

"कळलं?"

मी म्हणालो, "व्हय."

मी खोटं बोललो, अक्का. तुझ्या मनगटाला सुई होती, ओठ कोरडे पडले होते, आणि परत पहिल्यापासून वाच म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मला वाटलं, तू म्हणशीलच. दोन वर्षं म्हणत आलीस. ह्ये व्हय पोकळ हाय. मी त्याची वाट बघत होतो. तू माझ्याकडं बघत राहिलीस, पेन मागितलंस, आणि कोपऱ्यात लिहिलंस, 'दादूला कळलं'. अक्षर वाकडं आलं. मग पाणी मागितलंस.

तुला ते ऐकू आलं नाही? फोनवरून, तीन डोंगर मधे असताना तुला ऐकू यायचं, आणि हातभर अंतरावरून आलं नाही? का आलं, आणि तू थकली होतीस? का मला सोडून दिलंस, बिचारा घाबरलाय म्हणून? मी हे सगळ्या बाजूंनी करून बघितलं. तू थकली होतीस म्हणावं तर वाईट वाटतं. तू माझी कीव केलीस म्हणावं तर जास्त वाईट वाटतं. तुला खरंच वाटलं की मला कळलं, तर सगळ्यात वाईट, कारण मग तू समाधानानं गेलीस ती माझ्या खोटेपणावर.

रजा संपली म्हणून मी परत गेलो. चारच दिवसांची वाढीव रजा मागायला पाहिजे होती. परत जाऊन चौथाच दिवस, सकाळी तुझ्या शेजारच्या बाईंचा फोन आला, लगेच या. मी मिळेल ती एसटी धरली. पाटणच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर उलटला होता. ट्रॉली आडवी, मोळ्या रस्ताभर. दोन्हीकडं गाड्यांच्या रांगा. मी उतरून मोळ्या उचलायला लागलो. आणखी चारपाच जण आले. पण क्रेन आल्याशिवाय ट्रॉली हलणार नव्हती आणि क्रेन कराडहून यायची होती. मी पंचवीस वर्षं फौजेत काढली, बर्फात रस्ते मोकळे केले. इथं घरच्या रस्त्यावर हातात उसाची मोळी घेऊन उभा होतो. तिथंच दुसरा फोन आला. त्यानंतर घाई करायचं कारण उरलं नाही, तरी मी मोळ्या उचलतच होतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "दादा, बसा आता, ऱ्हाऊ दे."

तुझं सगळं झाल्यावर मी तुझ्या सांगण्याप्रमाणं कागद वाईला पोचवले. प्रकाशक भला माणूस आहे. त्यांनी नऊही प्रकरणं वाचली, टाईप करून घेतली, प्रुफं पाठवली. प्रुफांत तुझी प्रस्तावना मी पहिल्यांदा वाचली. त्यात तू लिहिलंयस, 'या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण माझ्या भावाला समजले आहे. जे त्याला समजले नाही ते मी तुमच्यापर्यंत येऊ दिलेले नाही.'

मी दोन दिवस ते वाक्य घेऊन फिरलो. मग प्रकाशकांना फोन करून सांगितलं, की नववं मला समजलेलं नाही. ते म्हणाले, बाईंचं वाक्य आपण बदलू शकत नाही, पण तुम्ही वारस आहात, काढा म्हणालात तर काढतो. मी विचारलं, प्रकरणच काढलं तर? ते म्हणाले, मग पुस्तकात राहिलं काय? तू म्हणाली होतीस ना, आठ पायऱ्या आणि एक देऊळ.

मी वाक्य काढलं नाही आणि प्रकरणही काढलं नाही. तुझ्या हातचं खोडायचा मला अधिकार वाटत नाही. पण लोक ते वाक्य वाचतील, नवव्या प्रकरणाला अडतील, आणि म्हणतील, हवालदाराला समजलं ते आपल्याला समजत नाही, म्हणजे आपलंच डोकं कमी. तसं होऊ नये म्हणून इथं लिहून ठेवतो. वाचणाऱ्यांनो, मला ते समजलेलं नाही. मी बहिणीशी खोटं बोललो. अडलात तर दोष तुमचा नाही, आणि तिचाही नाही. तिला परत विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी साताऱ्याला गेलो. तुझी विद्यार्थिनी स्मिता तिथं कॉलेजात शिकवते. प्रकाशकांनीच तिचं नाव सांगितलं. म्हणालो, मला नववं शिकव, मला कळलं तर प्रस्तावना तरी खरी होईल. पोरगी गुणाची आहे. तुझं नाव काढलं की तिचे डोळे भरत होते. रिकाम्या वर्गात तिनं मला पहिल्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर दोन कोष्टकं काढली. आडवी ओळ लाल खडूनं, उभा रकाना पिवळ्या खडूनं. दोन तास सांगत होती. हळू बोलत होती, मधे मधे पाणी विचारत होती. तिनं काही कमी केलं नाही.

शेवटी तिनं विचारलं, "काका, कळलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. ह्या खेपेला खरं बोललो.

ती खडू ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. "काही हरकत नाही. नेमकं कुठं अडतंय तेवढं सांगा. मी तिथूनच परत सुरू करते."

मी फळ्याकडं बघत राहिलो. लाल ओळ बघितली, पिवळा रकाना बघितला. ती थांबली होती, घाई करत नव्हती. बाहेर घंटा झाली, पोरं वर्गाच्या दारातून डोकावून गेली. मी बोलायला तोंड उघडलं, पण सांगता येण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. कुठं अडतंय ते मला कधीच ठाऊक नव्हतं, अक्का. ते तूच मला सांगायचीस.